‘देवावर भरवसा ठेव’ म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?



ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसमध्ये आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारं आमच्या सोसायटीचं कुत्रं तेवढं काढलंय. बाकी सगळं आहे तसंच.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. पाठवणारी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाव सांगत नाही. ती म्हणते, “ताई, आमच्याकडे काहीही झालं की सगळे म्हणतात, देवावर भरवसा ठेव. फी भरायची राहिली, भरवसा ठेव. आजीचा रिपोर्ट वाईट आला, भरवसा ठेव. मी ठेवतेच आहे. पण ठेवायचा म्हणजे करायचं काय? डोळे मिटून गप्प बसायचं? आणि तरीही रात्री झोप लागत नसेल, तर माझा भरवसा कमी पडतोय का?”

ही नोट मी तीनदा ऐकली. कारण हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात आला होता, आणि आम्ही त्याचं उत्तर चुकवलं होतं. त्या चुकीत माझे पप्पा जाता जाता वाचले. ती गोष्ट मी आजवर कुठे सांगितलेली नाही. या भागासाठी पप्पांना विचारलं, तर आधी म्हणाले, “सांग, पण मी रडलो होतो ते सांगू नको.” दहा मिनिटांनी परत फोन आला. “बरं, तेही सांग.”

आमच्या घरी काय झालं

माझे पप्पा एसटीत कंडक्टर होते. आमचं घर राहुरीजवळच्या एका गावात, मी नोकरीला पुण्यात. पप्पांना वीस वर्षांची शुगर. रिटायर झाले आणि दोनच वर्षांत दोन्ही किडन्या गेल्या. हृदयही अशक्त, म्हणून डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट नको म्हणून सांगितलं. राहिलं डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास. प्रत्येक वेळी हातात दोन जाड सुया. दिवसाला पाणी एक लिटरच्या आत. नारळपाणी बंद, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही.

वर्षभर हे नीट चाललं. मग तालुक्याला एक मोठी सभा झाली. बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. पप्पा आणि मम्मी गेले. प्रार्थना झाली, पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला गेला. इथपर्यंत काहीच चूक नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा असं याकोबाच्या पत्रात स्पष्ट सांगितलंय, आणि ती मीही रोज करते. पण शेवटी ते म्हणाले, “देवाने बरं केलंय असा विश्वास असेल, तर आता सुई कशाला?”

सोमवारी सकाळी मम्मीचा फोन आला. “तुझे पप्पा गाडीत बसायला तयार नाहीत. तू सांग ना गं त्यांना.”

आता माझी चूक ऐका. मला आतून माहीत होतं की जायलाच हवं. पण ‘जा’ म्हटलं तर मी अविश्वासू ठरेन, अशी भीती वाटली. उद्या पप्पा खरंच बरे होणार असतील आणि माझ्यामुळे ते अडलं तर? म्हणून मी म्हणाले, “मम्मी, विश्वासाची गोष्ट आहे, मी काय बोलू?” आणि फोन ठेवून ऑफिसच्या मीटिंगला गेले.

सोमवार चुकला. मंगळवारी पप्पांनी वर्षभराने पहिल्यांदा नारळपाणी प्यायलं, अगदी आनंदाने. बुधवारही चुकला. बुधवारी रात्री त्यांना आडवं झोपता येईना. बसून राहिले तरी दम लागत होता. धाकट्या भावाने १०८ला फोन लावला. नगरला पोहोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. फुप्फुसात पाणी, पोटॅशियम वाढलेलं. रात्रीतच डायलिसिस लावलं. डॉक्टर मम्मीला म्हणाल्या, “अजून तासभर उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं.”

मी पहाटे पोहोचले. दुपारी पप्पांनी डोळे उघडले आणि रडायला लागले. मला वाटलं, देवाने बरं केलं नाही म्हणून रडतायत. ते म्हणाले, “मी देवावर भरवसा ठेवला नव्हता गं. मला सुयांचा कंटाळा आला होता. कुणीतरी नको म्हणालं, ते मला हवंच होतं.”

गेली तीन वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पप्पांनी आपल्या थकव्याला विश्वासाचं नाव दिलं होतं. मी माझ्या भित्रेपणाला तेच नाव दिलं होतं. बाहेरून दोन्ही भरवशासारखंच दिसत होतं.

मग खरा भरवसा कसा दिसतो? तेव्हापासून मी बायबल याच प्रश्नासाठी पुन्हा वाचायला घेतलं.

मोशेचे थकलेले हात

सुरुवात शब्दापासून करू. जुन्या करारात विश्वासासाठी एक हिब्रू शब्द येतो, एमुना. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ना, आमेन, तो याच धातूतून आलेला. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला असं उत्पत्तीत वाचतो, तिथेही हेच मूळ. अर्थ काय? पक्कं, न डळमळणारं, ज्यावर भार टाकता येतो असं.

आता गंमत बघा. हा एमुना शब्द बायबलमध्ये पहिल्यांदा येतो निर्गमाच्या सतराव्या अध्यायात, आणि तो कुणाच्या मनाबद्दल नाही, हातांबद्दल आहे. खाली यहोशवा अमालेकी लोकांशी लढतोय, वर टेकडीवर मोशे हात उंच करून उभा आहे. हात वर असले की इस्राएल जिंकतंय, खाली आले की हरतंय. मोशे म्हातारा माणूस, हात भरून येतात. मग लोक त्याच्याखाली एक धोंडा ठेवतात, तो त्यावर बसतो. एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले, असं तिथे लिहिलंय. त्या ‘स्थिर’च्या जागी मूळ शब्द आहे एमुना.

मला हे कळलं तेव्हा खूप हलकं वाटलं. मोशेला त्या वेळी आतून काय वाटत होतं, ते बायबल सांगतच नाही. त्याला शंका आली असेल, पाठ दुखली असेल, घाम आला असेल. हात स्थिर राहिले एवढंच महत्त्वाचं. आणि तेही त्याच्या एकट्याच्या ताकदीने राहिले नाहीत.

म्हणजे भरवसा ही आधी भावना नाही. तो एक पवित्रा आहे. देवाकडे तोंड करून आपल्या जागेवर टिकून राहायचं, आणि थकलो की दुसऱ्यांना हात धरू द्यायचे.

आता त्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न घेऊ, झोप न येण्याचा. गेथशेमाने बागेतली रात्र आठव. प्रभू येशूपेक्षा जास्त भरवसा कुणाचा असणार? तोही त्या रात्री झोपला नाही. व्याकूळ झाला, जमिनीवर पालथा पडला, हा प्याला टळू दे अशी विनंती त्याने पुन्हा पुन्हा केली. झोपले ते शिष्य. त्यामुळे झोप लागते की नाही यावरून विश्वास मोजू नकोस. येशूने भीती लपवली नाही, ती पित्यासमोर ठेवली. ‘माझी नाही, तुझी इच्छा’ हे तो त्यानंतर म्हणाला.

मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला जे म्हणतो, त्याचा अर्थ असा की मी विश्वास ठेवतो, पण माझ्यात अविश्वासही आहे, त्यासाठी मला मदत कर. अर्धामुर्धा विश्वास! येशू त्याला परत पाठवत नाही. मुलाला बरं करतो.

भरवसा आणि परीक्षा यातला फरक

आमची चूक कुठे झाली, ते मला मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सापडलं. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. आणि पुरावा म्हणून तो काय देतो? ९१वं स्तोत्र! आपल्यापैकी कितीजणांना ते पाठ आहे. वचन खरं, पुस्तक खरं, तरीही सांगणं खोटं. येशू उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नये, हेही शास्त्रात आहे.

देव झेलू शकतो का, हा प्रश्नच तिथे नव्हता. झेलू शकतो. प्रश्न हा होता की जिना असताना उडी मारून ‘आता झेल बघू’ म्हणायचं का. आम्ही पप्पांच्या बाबतीत नेमकं हेच केलं. खाली उतरायला जिना होता, गाडी दारात होती, मशीन तयार होतं. आम्ही उडी मारली आणि त्याला भरवसा म्हटलं.

कुणी म्हणेल, पण औषध घेणं म्हणजे कमी विश्वास नाही का? तर हिज्कीया राजाची गोष्ट वाचा, दुसरे राजे, अध्याय वीस. राजा मरणाला टेकलाय, रडून प्रार्थना करतो. देव उत्तर देतो, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. एवढं स्पष्ट वचन कुणाला मिळालंय? आणि मग यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांचा लगदा आणा आणि गळवावर बांधा. वचनही मिळालं आणि लेपही लावला. राजा म्हणाला नाही की देव बोललाय, आता लेप कशाला.

पौल तीमथ्याला पत्रात त्याच्या पोटाच्या तक्रारीवर उपाय सांगतो. पौलाचा सोबती लूक तर वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. नहेम्या यरुशलेमचा कोट बांधताना शत्रूंची धमकी आली, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. एकाच ओळीत दोन्ही गोष्टी. मला ही ओळ फार आवडते, कारण नहेम्याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही.

म्हणून एक गोष्ट अगदी सरळ सांगते. इन्सुलिन, डायलिसिस, फिट्सच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, यातलं काहीही ‘विश्वास असेल तर बंद कर’ असं कुणी सांगितलं, मग तो माणूस कितीही मोठा असो, बंद करू नका. देवाने बरं केलं असेल तर ते रिपोर्टमध्येही दिसेल, आणि डॉक्टर स्वतः औषध कमी करतील. घाई देवाला नसते, आपल्याला असते.

भाकर फक्त आजची

पप्पा घरी आले. पुन्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार. आता प्रश्न वेगळा होता. एका दिवसाचं संकट निभावता येतं. हे तर आयुष्यभराचं. रोज भरवसा कुठून आणायचा?

इथे मला मान्ना समजला. संडे स्कूलमध्ये चित्र रंगवलं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं. निर्गम सोळा. रानात इस्राएल लोक उपाशी, कुरकुर करतायत. सकाळी जमिनीवर पांढरं, बारीक काहीतरी पडलेलं. लोक एकमेकांना विचारतात, हे काय आहे? त्या प्रश्नावरूनच नाव पडलं, मान्ना. नियम असा की माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, एवढंच गोळा करायचं. सकाळपर्यंत ठेवायचं नाही. काहींनी ठेवलं. त्यात किडे पडले, वास सुटला.

देव एकदम महिन्याचं राशन का देत नाही? देऊ शकला असता. पण मग लोकांनी कोठाराकडे बघितलं असतं, देवाकडे नाही. रोज सकाळी तंबूबाहेर यायचं, वाकायचं, गोळा करायचं. मान्ना आकाशातून आला तरी वाकावं स्वतःलाच लागायचं, हेही विसरू नका.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण तेच मागतो. मराठी बायबलमध्ये तिथे ‘भाकर’ हा शब्द आहे, आपल्या चुलीवरचा, तव्यावरचा. आणि ती मागायची आजची. मूळ ग्रीक सुवार्तेत ‘रोजची’साठी वापरलेला शब्द इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक आजही चर्चा करतात. पण रोख स्पष्ट आहे. पुढच्या वर्षाचं बळ आज मागू नका, कारण ते आज मिळणार नाही.

पप्पांना मी हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “अगं, डायलिसिस म्हणजे हेच की. सोमवारचं बुधवारपर्यंत पुरतं. साठवता येत नाही.”

तेव्हापासून पप्पांची सकाळची प्रार्थना बदललीय. आधी ते म्हणायचे, प्रभू, मला बरं कर. अजूनही म्हणतात. पण त्याच्यापुढे आता जोडतात, आजच्या चार तासांसाठी पुरेल एवढं दे.

पण थांबा, याचा अर्थ नियोजन करू नका असा नाही. हा प्रश्न मला नेहमी येतो. ताई, विमा काढला तर तो अविश्वास का? एसआयपी चालू केली तर? त्याच मान्नाच्या गोष्टीत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, कारण सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशीचं साठवलेलं नासलं नाही. आणि योसेफाने तर मिसरात सात वर्षं धान्य साठवलं, तेही देवाने दाखवल्यामुळे. मग फरक काय? कोठार भरताना मनात काय चाललंय, हा. साठवल्यावर माणूस म्हणायला लागला की आता मला देवाची गरज नाही, तर किडे तिथे पडतात.

स्टेटसवरचं वचन

आता थोडं टोचणारं बोलते. यिर्मया २९:११ किती जणांच्या स्टेटसवर आहे? देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, भविष्याची आशा आहे, या अर्थाचं वचन. निकालाच्या आदल्या दिवशी, इंटरव्ह्यूच्या सकाळी, हमखास. माझ्याही होतं. पप्पा आयसीयूत होते तेव्हाही होतं.

पण हे वचन ज्या पत्रात आहे ते पूर्ण वाचलंय? यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्या कैद्यांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, काळजी करू नका, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया लिहितो, नाही, सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी आहात त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्यानंतर येतं आपलं आवडतं वचन.

म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं, त्यातल्या बहुतेकांनी परत जाण्याचा दिवस पाहिलाच नाही. तरीही वचन खोटं ठरलं नाही. ते त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत पोहोचलं. आणि त्यांच्या वाट्याला आली बाग लावण्याची आज्ञा.

दोन वर्षांचं गोड आश्वासन आणि सत्तर वर्षांचं खरं वचन, यात आपण कुठलं निवडतो? आम्ही त्या सभेत दोन वर्षांचं निवडलं होतं.

पप्पांनी मात्र नंतर खरंच बाग लावली. परसात चार वाफे, मेथी आणि कोथिंबीर. स्वतःला पालेभाजीवर बंधन आहे, पोटॅशियममुळेच. म्हणून डायलिसिसला जाताना जुड्या करून नेतात आणि तिथल्या सिस्टरना वाटतात.

उत्तर ‘नाही’ असेल तर?

हा भाग बोलताना मी दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं. कारण सोपं बोलायचा मोह होतो.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘नाही सोडवलं तरी’. सगळा भरवसा या शब्दांत आहे. त्यांना निकाल माहीत नव्हता. देव कोण आहे हे माहीत होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८५८चा जन्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील डोळ्यांसमोर गेले. मग भाऊ गेला. १८८२ साली नवरा गेला, पदरात मनोरमा ही छोटी मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. पुढे १८९७च्या दुष्काळात त्या स्वतः जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या, शेकडो, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. एवढ्या मुलींच्या जेवणासाठी रमाबाई प्रार्थनेवर विसंबून राहिल्या. पण केडगावला गेलात तर लक्षात येतं की तिथे नुसती प्रार्थना नव्हती. विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग होते, छापखाना होता आणि तो तिथल्या मुलीच चालवायच्या. दुष्काळाने ज्यांचं सगळं नेलं त्या बाईने देवावर भरवसा ठेवला आणि विहीरही खोदली.

आणि शेवट? बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकमधून मराठी भाषांतर करण्याचं काम त्या आयुष्याच्या शेवटापर्यंत करत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली, ज्या मुलीने पुढे हे सगळं सांभाळायचं होतं. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? एप्रिल १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मला यातून ‘सगळं छान होतं’ असा धडा मिळत नाही. मिळतो तो एवढाच की उत्तर ‘नाही’ आलं तेव्हाही त्या टेकडीवरून खाली उतरल्या नाहीत.

आणि रडायचं असेल तर रडा. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते एकदा मोजा. १३व्या स्तोत्रात ‘किती वेळ’ हा प्रश्न सुरुवातीलाच चार वेळा येतो. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. देवाशी भांडणारा माणूस देवाशी बोलतोय. मी ‘विश्वासाची गोष्ट आहे’ म्हणून फोन ठेवला, तेव्हा मी ना मम्मीशी बोलत होते ना देवाशी.

मग सोमवारी काय करायचं?

नर्सिंगवाल्या मैत्रिणी, तुझ्यासाठी आणि सगळ्यांसाठी, आमच्या घरी चालतात त्या चार गोष्टी.

एक. सकाळी फोन हातात घेण्याआधी फक्त आजचं मागा. ‘फीचं काय होणार’ असं नको. ‘आज स्कॉलरशिपच्या ऑफिसात जाऊन विचारायचंय, तिथे बोलायचं धैर्य दे’ असं मागा.

दोन. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे देवाच्या हातातलं. अभ्यास डावीकडे, निकाल उजवीकडे. आजीला वेळेवर गोळी देणं डावीकडे, आजीचे दिवस उजवीकडे. आपण काय करतो, डावीकडचं टाळतो आणि उजवीकडच्याची काळजी करत बसतो. डावीकडचं करा, उजवीकडच्यासाठी प्रार्थना करा.

तीन. मान्नाचं भांडं ठेवा. देवाने एक ओमर मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपायला सांगितला होता. मी फोनच्या नोट्समध्ये ठेवते. ‘आज अचानक भावाला सुट्टी मिळाली, पप्पांना नेता आलं.’ एवढंच. वाईट दिवशी ती यादी उघडते.

चार. अहरोन आणि हूर शोधा. दोनच माणसं, ज्यांना खरं सांगता येईल. त्या घटनेनंतर आम्ही पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते आम्हाला रागावले नाहीत. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी तरुण संघातल्या मुलांना थांबवून घेतलं आणि वहीत तीन वार लिहिले. तेव्हापासून भाऊ कामावर असला की कुणी ना कुणी पप्पांना नगरला घेऊन जातं. त्यातला एक मुलगा तर चर्चमध्ये फारसा दिसतही नाही. पण बुधवारी सकाळी सात वाजता त्याची गाडी दारात असते.

पप्पा अजून डायलिसिसवरच आहेत. मागच्या महिन्यात हातातला फिस्टुला बंद पडला, पुन्हा छोटं ऑपरेशन झालं. पुढे काय होईल मला माहीत नाही, आणि ते माझ्या कागदावर उजवीकडे आहे. डावीकडे एक काम मी तेव्हापासून लिहून ठेवलंय. दर सोमवारी सकाळी साडेसहाला घरी फोन करायचा आणि विचारायचं, “पप्पा, निघालात का?”

काल उत्तर आलं, “गाडीत बसलोय. कोथिंबीर विसरली होती, तेवढी मम्मी आणतेय.”

तुमच्या कागदावर डावीकडे आज काय आहे, ते मला व्हॉइस नोट करून नक्की सांगा. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुम्हाला आजच्यापुरतं देवो. आमेन.